बीन्सनं रडवलं, वालानं वाट पाहायला लावली

नागपुरात मार्चमध्ये बीन्स पेरणाऱ्या माणसाला लोक हसतात. मला हसले.

मुलीला डब्यात बीन्सची भाजी आवडते, एवढ्यावर बियाणं आणलं होतं. दुकानदार म्हणाला, बुटकी जात आहे, मांडव लागत नाही. कधी लावणार, हे त्यानं विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. रोपं झकास वर आली. एप्रिलच्या मध्यावर फुलं लागली आणि रोज सकाळी आळ्यात त्यांचा सडा पडू लागला. पारा तोवर चाळिशीपार. बीन्सला १५ ते २५ अंशांची हवा मानवते. तिशीच्या पुढे फुलं गळतात, शेंग धरत नाही. हिरवी नेट बांधली, दोन वेळा पाणी दिलं. शेंगा मिळाल्या अकरा. मोजल्या होत्या.

जूनमध्ये मात्र आधी माती पाहिली. कंपाउंडच्या भिंतीलगत १० बाय ३ फुटांची पट्टी, तीही आपली काळी चिकट. पाऊस पडला की पाणी धरून बसते आणि बी कुजतं. म्हणून शेणखत आणि थोडी रेती मिसळून वीतभर उंच वाफा केला. एका टोकाला बरबटी (पुण्यामुंबईकडची चवळी), दुसऱ्या टोकाला गावरान वाल. बरबटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दीड महिन्यात शेंगा सुरू, तक्रार शून्य.

वालानं छळलं. ऑगस्टपर्यंत वेल स्लॅबवर पोचला, पानं तळहाताएवढी, फूल एकही नाही. मी शहाणपणा करून मूठभर युरिया टाकला, तर पानं आणखी वाढली. सप्टेंबरात एका रविवारी उपटायलाच बसलो. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "काहून उपटून राहिला रे? दिवस लहान होऊ दे, मंग पाय त्याची मजा!"

मला वाटलं, म्हातारं माणूस बोलतं तसं बोलत असतील. पण शोधून वाचलं तर त्यांचंच खरं. गावरान वाल दिवसाची लांबी ओळखतो. दिवस आखूड झाल्याशिवाय तो फुलावर येत नाही, तुम्ही जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये. दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेल्या बुटक्या जातीही आहेत. बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय त्यातल्याच. कुंडीत लावायचं असतं तर मी त्याच घेतल्या असत्या. पण आमच्या घरी हिवाळ्यात पोपटाचे दाणे (म्हणजे वालाचेच ओले दाणे) आणि वाल-वांग्याची भाजी लागते, त्यामुळे वेल राहिला.

ऑक्टोबर सरता सरता जांभळे तुरे आले. पाठोपाठ कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा. साबणाचं पाणी चार-पाच दिवसांआड तीनदा फवारलं, आटोक्यात आला. बरबटीची जागा रिकामी झाली होती, तिथे उरलेलं बीन्सचं बी टाकलं. तेच पाकीट, तीच माती. डिसेंबरात मुलीचा डबा आठवड्यातून दोनदा बीन्सचा.

वालाचा वेल आता भिंतीवरून काकूंच्या अंगणात उतरला आहे. ऊन तिकडे जास्त, म्हणून शेंगाही तिकडेच जास्त. त्या कोणाच्या, हा विषय अजून दोघांपैकी कोणी काढलेला नाही.