तुम्ही विचारलंत म्हणून: दुखणं राहिलं, मग कृपा कुठे?

"इतकी वर्षं प्रार्थना करताय, तरी दुखणं काही गेलं नाही. मग देवाची कृपा आहे असं कशाच्या जोरावर म्हणता?" माझा जुना आजार ठाऊक असलेली माणसं हे विचारतात, बहुतेक मायेपोटीच.

मला अशा वेळी पौल आठवतो, येशूचा संदेश गावोगाव नेणारा बायबलमधला प्रेषित. त्याच्या शरीरात 'काटा' होता. म्हणजे नेमकं काय, हे त्याने लिहिलेलं नाही, आणि ते बरंच झालं; कुणालाही आपलं दुखणं तिथे ठेवता येतं. तो काटा जावा म्हणून त्याने प्रभूला 3 वेळा विनवलं. काटा राहिला. उत्तर आलं ते असं: "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते."

नुसतं एवढंच वाचलं तर ते भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं. म्हणून बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे 10 ते 12 हे अध्याय सलग वाचावेत. करिंथच्या मंडळीत पौलाची किंमत घसरली होती. पत्रं वजनदार, पण समोर आला की माणूस दुबळा आणि बोलणं टाकाऊ, असं तिथे म्हटलं जाई. स्वतःची शिफारस करणारे दुसरे उपदेशक लोकांना भावले होते. मग पौलही बढाई मारायला बसतो, आणि सांगतो काय? 5 वेळा खाल्लेले 39 फटके, 3 वेळा फुटलेलं तारू, भूक, थंडी, आणि दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कस शहराच्या, तटाच्या खिडकीतून पाटीत बसून काढलेला पळ. 14 वर्षांपूर्वी झालेलं स्वर्गाचं दर्शन मात्र 'एका माणसाला' झालं, असं तिऱ्हाइतासारखं सांगून मोकळा होतो!

माझ्यापुरतं म्हणाल, तर बरं असताना मी देवापुढे बेत घेऊन जाते. त्राण नसतं तेव्हा नुसतीच जाते, शब्दही सुचत नाहीत. तरी तो मला जवळ घेतो. याच जोरावर मी कृपा म्हणते.

पण हे वचन दुसऱ्याच्या दुखण्यावर झटकन ठेवू नये. पौलाला ते खुद्द प्रभूने सांगितलं, शेजाऱ्याने नव्हे. मार खाणाऱ्या बाईला "सोस, यातच कृपा आहे" म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रात तर पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्लाही आहे. मीही औषध चुकवत नाही, आणि बरं कर म्हणून मागणंही सोडलेलं नाही.