तुम्ही विचारलंत म्हणून : ट्रायल घ्यावी का?

लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघाला की घरचे लोक मला विचारतात, ‘ट्रायल, म्हणजे नवे उपचार रुग्णांवर तपासून पाहणं, असते म्हणतात, ती शोधायची कुठे? आणि घ्यावी का?’ वडिलांच्या आजारपणापासून अशा फाइली घेऊन मी अनेकांशेजारी बसत आले आहे. मी डॉक्टर नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगते. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटींत विचारा, सगळे उपाय थकल्यावर नव्हे.

ट्रायलमध्ये कुणाला घ्यायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. गाठ स्नायूत शिरली आहे का? बीसीजी (पिशवीत सोडायचं औषध) दिलं आहे का, आणि त्यानंतरही आजार उलटला का? किडनी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध सोसेल का? बीसीजी न घेतलेल्यांसाठीच्या ट्रायलला, ते एकदा सुरू झालं की तुम्ही मुकता. २०२४ साली निकाल आलेल्या नायगारा ट्रायलमध्ये पिशवी काढायच्या ऑपरेशनआधी केमोबरोबर डुर्वालुमॅब हे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध होतं आणि नंतर एकटं डुर्वालुमॅब. पिशवी आधीच काढलेल्या माणसाला तिथे जागा नव्हती. म्हणून दुर्बिणीतून काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हाताशी ठेवा आणि त्यात स्नायूबद्दल काय लिहिलं आहे ते विचारून घ्या.

शोधायला सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) ही इंटरनेटवरची सरकारी नोंदवही आहे. १५ जून २००९पासून भारतातली प्रत्येक ट्रायल तिथे नोंदवणं बंधनकारक आहे, आणि कुणीही ती फुकट पाहू शकतं. ‘ब्लॅडर’बरोबर ‘यूरोथेलियल’ (पिशवीच्या आतल्या अस्तराचा) हा शब्दही इंग्रजीत टाकून बघा, नाहीतर बऱ्याच नोंदी निसटतात. हॉस्पिटल, डॉक्टर, फोन, भरती चालू आहे की संपली, सगळं तिथेच असतं.

‘म्हणजे आमच्यावर प्रयोग?’ हो, प्रयोगच. ईव्ही-३०२ या ट्रायलमध्ये आजार पसरलेल्या रुग्णांना दोन नवी औषधं एकत्र दिली, तेव्हा आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) ३१.५ महिने आला, केमोवाल्या गटात १६.१. पण आयएमव्हिगोर-०१० या ट्रायलमध्ये ऑपरेशननंतर दिलेल्या अ‍ॅटेझोलिझुमॅब या, डुर्वालुमॅबसारख्याच, औषधाने आजार परतणं लांबलं नाही. कुणाला कोणता गट मिळणार हे बहुधा संगणक ठरवतो. तुम्हीही नाही, डॉक्टरही नाही. हे ज्याला मान्य नसेल त्याने सरळ नको म्हणावं. नेहमीचे उपचार घेणं म्हणजे हार नव्हे.

संमतीपत्र तिथल्या तिथे सही करून देऊ नका, घरी आणा. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई ट्रायलविषयीच्या २०१९च्या सरकारी नियमांत आहे; मध्येच बाहेर पडायचा हक्कही आहे. बाकी विचारायचं ते रोजच्या जगण्याचं : जादा स्कॅन किती, खर्च कुणाचा, प्रवासाचे पैसे मिळणार का. सोलापूरहून दर काही आठवड्यांनी मुंबई गाठायची तर बरोबर कोण येणार, हे सही करण्याआधी घरात ठरलेलं असू द्या.