पुस्तक मिटल्यावर

यंदा जूनमध्ये मुलगा दहावीत गेला आणि "अभ्यास झाला का?" हा प्रश्न मी दिवसातून किमान चार वेळा विचारू लागले. "हो, झाला" हे त्याचे उत्तर ठरलेले असे. तो खोटे बोलत नव्हता, हे मात्र सहामाहीचे गुण हाती आल्यानंतरच माझ्या ध्यानात आले.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी त्याचे विज्ञान भाग १ चे पुस्तक उघडले. 'उष्णता' या प्रकरणाची पाने पिवळ्या हायलायटरने इतकी रंगली होती, की न रंगवलेली ओळच महत्त्वाची असावी असे वाटावे. पुस्तक मिटून मी त्याला पाण्याचे असंगत आचरण म्हणजे काय, ते विचारले. बराच वेळ पंख्याकडे पाहून तो म्हणाला, "आई, वाचताना सगळं कळतं गं, पण पुस्तक मिटलं की सांगता येत नाही."

दुखणे नेमके तेच होते. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला, तर काहींनी तो एकदाच अभ्यासून पुढचे तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. वाचून लगेच आलेला आत्मविश्वास फसवा असतो तो असा, आणि माझा मुलगा रोज रात्री त्याच आत्मविश्वासाने झोपी जात होता.

मग आम्ही घरातले पाठकोरे कागद गोळा केले. प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटायचे, आठवेल ते कागदावर लिहायचे आणि नंतर पुस्तक उघडून राहिलेले व चुकलेले लाल पेनाने भरायचे, एवढाच नियम ठरला. पहिल्या कागदावर जेमतेम चार ओळी उतरल्या आणि त्यांतही पाणी ४ अंश सेल्सिअसला गोठवलेले होते. वास्तविक ० पासून ४ अंशांपर्यंत तापवताना पाणी प्रसरण न पावता आकुंचन पावते आणि ४ अंशांना त्याची घनता सर्वाधिक असते. ही चूक हायलायटरखाली महिनाभर सुखाने नांदली असती. तिसऱ्या कागदावर त्याने पाण्याचे हे असंगत आचरण दाखवणाऱ्या होपच्या उपकरणाची आकृती न बघता काढली, तेव्हा मीच त्याच्याहून जास्त खूश झाले.

एकदा जमले म्हणून प्रकरण संपले असे मानायचे नाही, हेही ठरवून घ्यावे लागले. म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात त्या प्रकरणाचे आद्याक्षर लिहून ठेवतो. त्या तारखेला कोरा कागद पुन्हा पुढ्यात येतो.

मोबाइलचा प्रश्न अधिक चिवट निघाला, कारण क्लासच्या नोट्सच व्हॉट्सॲपवर येत असत आणि त्या पाहण्याच्या निमित्ताने तासभर सहज जाई. अखेर त्या नोट्स कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणू लागलो आणि संध्याकाळी सात ते नऊ फोन फ्रिजवर ठेवायचे ठरले. "बाबांचासुद्धा," अशी अट त्याने घातली आणि ती न्याय्य असल्यामुळे मान्य करावी लागली. (बाबांना ती अधिक जड गेली.)

माझी एक चूकही येथे नोंदवते. मी पहाटे पाच वाजता उठून शिकले, म्हणून त्यालाही पाचला उठवत होते. किशोरवयात झोपेचे घड्याळच उशिराकडे सरकते आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, हे कळल्यावर तो हट्ट सोडला. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेचा प्रयोग आठवडाभरात आटोपला. जाण्यायेण्यात आणि चहातच वेळ जात होता.

भूमितीत मात्र ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. प्रमेयाची सिद्धता आठवून लिहिली तरी नवे उदाहरण अडतेच, म्हणून अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या प्रश्नपत्रिका संचातील निरनिराळ्या प्रकरणांची उदाहरणे तो सध्या मिसळून सोडवतो. उत्तरांची पाने मी स्टेपलरने बंद केली आहेत. काल त्यातली एक पिन निघालेली दिसली. अजून विचारलेले नाही.