आमची वाटचाल : अडत दुकानातलं सॉफ्टवेअर

सांगलीतल्या हळद आणि बेदाण्याच्या अडत्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. सुरुवात पट्टीच्या प्रोग्रॅमने झाली. माल उतरला, सौदा झाला, वजन आणि भाव टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी छापून निघायची. एक दुकान, एक कॉम्प्युटर, एक दिवाणजी. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांनी नेटवर्कवरून मिळून काम करणं, हा तेव्हा आमच्यासाठी कॉलेजात पाठ करून विसरलेला विषय होता.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना. मग ई-इनव्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी सर्व्हरवर नोंद. ऑक्टोबर 2020 मध्ये ते 500 कोटींवरच्या उलाढालीला होतं, म्हणून आम्ही निवांत होतो. मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली आणि आमची बरीच गिऱ्हाइकं त्यात सापडली. आता व्यापाऱ्याला केलेलं प्रत्येक बिल दुकानाबाहेरच्या सरकारी सर्व्हरला विचारून करायचं.

खरी गंमत इथे सुरू होते. बिल पाठवलं आणि तेवढ्यात इंटरनेटची लाइन गेली. बिल पोचलंच नाही, की पोचलं पण उत्तर वाटेत अडकलं? दुकानात बसून हे कळत नाही, आणि दिवाणजी तर बटण पुन्हा दाबणारच. सरकारी यंत्रणेने यावर चांगला तोडगा ठेवला आहे. आयआरएन ही प्रत्येक बिलाची 64 अक्षरांची खूण विक्रेत्याचा जीएसटी नंबर, बिलाचा नंबर, बिलाचा प्रकार आणि आर्थिक वर्ष यांवरूनच बनते. तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं तर नवी खूण मिळत नाही, ‘डुप्लिकेट’ असा निरोप येतो. दिवाणजी त्याला एरर म्हणतात. आम्हाला तो निरोप आवडतो, कारण पहिलं बिल पोचल्याचा तो पुरावा असतो. हीच पद्धत आम्ही आमच्या एपीआयमध्ये, म्हणजे दुकानातला प्रोग्रॅम आणि आमचा सर्व्हर ज्या ठरलेल्या रीतीने बोलतात तिच्यात, घेतली. सौद्याच्या नोंदीला नंबर दुकानातल्या मशीनवरच पडतो, मग ती कितीदाही पाठवा, सर्व्हरवर एकदाच चढते. याला आयडेम्पोटंट म्हणतात. शब्द जड आहे, काम साधं.

‘नेटवर्क भरवशाचं असतं’ हा सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीच्या इंजिनिअरांनी काढलेल्या, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमबद्दलच्या प्रसिद्ध गैरसमजांच्या यादीतला पहिला गैरसमज. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या गणपती पेठेत पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांचा तो आधीच दूर झालेला आहे. तेव्हापासून आमच्या प्रोग्रॅममध्ये नोंद आधी दुकानात उतरते आणि लाइन आली की रांगेने वर जाते.

पण सगळंच असं चालत नाही. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी 2000 मध्ये मांडलेला कॅप सिद्धांत सांगतो की नेटवर्क तुटलं की दोनपैकी एक निवडावं लागतं : काम चालू ठेवणं, किंवा सगळीकडे एकच खरं चित्र दिसणं. आम्ही कामागणिक निवडलं. लाइन नसली तरी सौद्याची नोंद आणि पट्टी चालूच राहते, शेतकरी खोळंबता कामा नये. कोल्ड स्टोरेजमधून माल सोडण्याची चिठ्ठी मात्र लाइन नसेल तर निघत नाही. एकच लॉट दोघांना गेला तर ते भांडण सॉफ्टवेअरने मिटत नाही. गाडी दारात उभी असली की व्यापारी आम्हाला फोनवर काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी हा नियम आम्ही सैल केलेला नाही.

हळदीचा भाव क्विंटलला बोलतात, बेदाण्याचा किलोला. म्हणून आमच्या एपीआयमध्ये नुसता भाव पाठवता येत नाही, एकक सोबत द्यावंच लागतं. रक्कम पूर्णांकात, पैशांमध्ये जाते, कारण कॉम्प्युटरच्या दशांश हिशोबात 0.1 आणि 0.2 मिळून नेमके 0.3 होत नाहीत. पट्टीत चार पैशांचा फरक आला तरी दिवाणजी ती परत पाठवतात.

मायक्रोसर्व्हिसेसच्या, म्हणजे एका प्रोग्रॅमचे अनेक छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम करण्याच्या, वाटेला आम्ही गेलो नाही. माणसं मोजकी, त्यात तयार झालेली मुलं पुण्याला जातात. एकच नीट बांधलेला प्रोग्रॅम आणि त्याच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या आम्हाला पुरतात. नवी आवृत्ती सौद्याच्या दिवशी चढवायची नाही, एवढं पथ्य आहे.

सध्या एपीआयची दुसरी आवृत्ती आली आहे आणि पहिलीही चालू ठेवावी लागते, कारण काही दुकानांतली मशीन फारच जुनी आहेत. पहिली बंद करायची तारीख दिवाळीच्या पाडव्यानंतरची ठेवली आहे. वह्या बदलायच्या दिवसांत दिवाणजी नवं काही शिकायला तयार होतात, एरवी नाही.