तीस दिवस आणि चोवीस प्रश्न

२२ मे २०१२, एडिसन, न्यू जर्सी

काल न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात रटगर्स खटल्याची शिक्षा सुनावली. रटगर्स विद्यापीठातल्या धरुण रवीने आपला रूममेट टायलर क्लेमेंटी याला दुसऱ्या पुरुषासोबत असताना वेबकॅममधून चोरून पाहिलं, आणि समलिंगी म्हणून त्याला लक्ष्य केलं, असा हा खटला. तीस दिवस कैद, तीन वर्षं प्रोबेशन म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहणं, ३०० तास समाजसेवा, दहा हजार डॉलर. तेव्हापासून फोन वाजतोय. मुलगा भारतीय, वाढलाही इथेच आसपास, त्यामुळे आमच्या भागात घराघरांत दीड वर्षं हाच विषय. मी याच कोर्टात पूर्वी एका चोरीच्या खटल्यात ज्यूरीवर, म्हणजे दोषी की नाही हे ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, होते हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांचं एकच, "तू सांग, तीस दिवस कमी की जास्त?"

इथे ज्यूरीला शिक्षेबद्दल कुणी विचारत नाही, हे लोकांना पटतच नाही. उलट न्यायाधीश बजावतात, शिक्षा किती होईल हा विचार मनात आणू नका. आम्हाला खोलीत बसवलं तेव्हा हातात निकालपत्र दिलं होतं. त्यावर नुसते प्रश्न. आरोपी दुकानात बेकायदा शिरला हे सिद्ध झालं का? त्याच्याजवळ शस्त्र होतं का? प्रत्येकापुढे दोन चौकोन. शस्त्राच्या प्रश्नावर अख्खी दुपार गेली. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने दुकानदाराची साक्ष पुन्हा वाचून घ्यायला लावली. दुकानदाराने चाकू पाहिलाच नव्हता, खिशात हात पाहिला होता. शेवटी बाराही जण 'सिद्ध नाही'वर आलो. मग कोर्टात एकेकाला विचारलं, तुमचा निर्णय हाच का? माझी पाळी आली तेव्हा आरोपी आमच्याकडेच बघत होता. मी "हो" म्हणाले.

पुढे त्याला शिक्षा झाली ती मला पेपरातून कळली. चार ओळींची बातमी : चाकूचा धाक दाखवून चोरी करणाऱ्याला तुरुंगवास. जो चाकू आम्ही बारा जणांनी दुपारभर बसून बाजूला ठेवला, तो पेपराने पुन्हा त्याच्या हातात दिला! त्याच्या आईने ती बातमी वाचली असेल का, हा विचार अजून जात नाही.

रटगर्समध्ये हेच हजारपटीने झालं. टायलर क्लेमेंटी अठरा वर्षांचा होता, सप्टेंबर २०१० मध्ये त्याने जीव दिला. ते दुःख एवढं मोठं आहे की त्यावर लिहायला माझा हात चालत नाही. पण तेव्हापासून टीव्हीवर ऐकू येत होतं की रूममेटने त्याचं चित्रण इंटरनेटवर टाकलं. कोर्टात जे आलं ते वेगळं. काही सेकंद वेबकॅममधून बघणं, दुसऱ्या वेळी इतरांना बघायला बोलावणारा ट्वीट, आणि नंतर पुरावे पुसण्याचा प्रयत्न. चित्रण इंटरनेटवर टाकलं गेलंच नव्हतं. टायलरच्या मृत्यूबद्दल आरोपच नव्हता. तरी काल रात्री चर्चेत प्रत्येक जण तीस दिवस त्या मृत्यूशीच ताडून बघत होता.

न्यायाधीश ग्लेन बर्मन काल रवीला म्हणाले, 'दोषी' हा शब्द मी २८८ वेळा ऐकला, चोवीस प्रश्न आणि बारा माणसं. पण तुझी माफी एकदाही ऐकली नाही. हा गुणाकार ऐकून मला भरून आलं. निकाल वाचताना एकेक माणूस मोजणारा कुणीतरी होता. रवीने द्वेष केला असं वाटत नाही, पण प्रचंड असंवेदनशीलता दाखवली, असंही ते म्हणाले. मला तीस दिवस योग्य वाटतात. सरकारी वकिलांना नाही, ते अपील करणार आहेत.

आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "ज्यूरी म्हणजे ते नानावटीसारखंच ना गं?" पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणारे नौदल अधिकारी नानावटी, तिच्या पिढीला तेवढंच आठवतं. १९५९ साली मुंबईत आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष', आणि नानावटींच्या बाजूने पान पान लिहिणारं 'ब्लिट्झ' साप्ताहिक. न्यायाधीशांनी तो निकाल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. इथे आम्हाला रोज घरी सोडताना सांगत, बातम्या बघू नका. मी पेपर न उघडता ओट्यावर ठेवून द्यायचे.

ऑक्टोबर अखेर, २०१६

चार वर्षांनी हे पान पुन्हा उघडलं. रटगर्स खटला संपला. पीडित व्यक्तीला आपण द्वेषापोटी लक्ष्य झालो असं वाटणं पुरेसं आहे, आरोपीचा हेतू सिद्ध व्हायलाच हवा असं नाही, असं म्हणणारा कायद्याचा भाग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गेल्या वर्षी रद्द केला होता. त्यावरून सप्टेंबरमध्ये अपील कोर्टाने सगळा निकाल मोडला. आता रवीने खाजगीपणाच्या भंगाचा प्रयत्न केल्याचा एकच गुन्हा कबूल केला, आणि भोगलेली शिक्षा पुरेशी धरली गेली.

ऑफिसात एक जण म्हणाला, "म्हणजे ज्यूरी चुकली." मी जेवण सोडून त्याच्याशी भांडले. टायलरला काय वाटलं हा प्रश्न कायद्यानेच त्यांच्यापुढे ठेवला होता आणि त्यांनी त्याला उत्तर दिलं. प्रश्न त्या बारा जणांनी लिहिला नव्हता. शिक्षेच्या बातमीशेजारी निकालपत्र छापलं तर हे कुणालाही दिसेल. आमचं दोनच पानांचं होतं.