गॅपचा आठवडा

गावात कोणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग, संपली का ट्रीटमेंट?" विचारणाऱ्याचा जीव असतो त्यात, राग नाही येत, पण उत्तर द्यायला जड जातं कारण माझी ट्रीटमेंट संपणारी नाहीये. ब्रेस्ट कॅन्सर हाडांत गेलाय, चौथी स्टेज. प्रकार हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा, म्हणून सध्या केमो नाही, गोळ्या आहेत. लेट्रोझोल रोज, आणि पाल्बोसिक्लिब २१ दिवस घ्यायची मग ७ दिवस बंद, त्या ७ दिवसांना आमच्या घरात गॅप म्हणतात. गॅप संपला की सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तर पुढची सायकल सुरू, नाहीतर थांबायचं. औषध लागू पडतंय तोवर हेच, नाही पडलं की दुसरं बघायचं.

घरात आधी सगळ्यांच्या तोंडी एकच, बरी झालीस की जाऊ, बरी झालीस की करू. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की याला शेवटची तारीख नसते, त्या दिवसापासून ते "बरी झालीस की" मी घरातून काढूनच टाकलं. आता कॅलेंडरवर आधी गॅप मांडतो आणि मग बाकी सगळं. त्यातही गॅपच्या सुरुवातीला पांढऱ्या पेशी खाली असतात, संसर्गाची भीती असते म्हणून लग्नकार्य, पाहुणे, गर्दीचं काही असलं तर गॅपच्या शेवटी शेवटी.

यंदा थंडीत मळ्यात भरीत पार्टी केली ती अशीच गॅप बघून. बामणोदकडची ती हिरवी मोठी वांगी, कमी बियांची, कपाशीच्या काड्यांवर भाजली, धूर सगळा डोळ्यात. जाऊबाई म्हणे "तू बस वो माय, आम्ही करतो ना." हाडांमुळे मला जड उचलायची, जोर लावायची मनाई आहे त्यामुळे बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायला मी गेले नाही, पण सालं मीच काढली. देठाला धरायचं, बोटं पाण्यात बुडवायची आणि गरम असतानाच साल ओढायची, गार झालं की ती चिकटून बसते आणि गर सोबत जातो. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. पोटभर जेवले मी. कच्ची कोशिंबीर तेवढी खाल्ली नाही, पेशी कमी असताना कच्चं आणि उघड्यावरचं टाळलेलं बरं, आणि ताप १००.४ वर गेला तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना फोन. हे मी भेटेल त्या पेशंटला सांगते.

पैशाचंही सांगते कारण लोक विचारायला लाजतात. पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३ ला संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या, किंमत खूपच खाली आली, म्हणून आमच्यासारख्या शेतकरी घराला हे झेपतंय. आणि मुंबईला तपासणीला जाताना रेल्वेची सवलत घ्या, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून आणला की कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं लागत नाही, सोबतच्या माणसालाही मोठी सूट आहे. भुसावळ स्टेशनवर मला किती जण भेटलेत ज्यांना हे माहीतच नव्हतं.

अवघड दिवस असतातच. मे महिन्यात बाहेर ४५ आणि त्यात लेट्रोझोलने अंगातून वाफा निघतात, सकाळी बोटांची मूठ वळत नाही. स्कॅनचा रिपोर्ट यायचा असला की रात्रभर डोळा लागत नाही, तेव्हा घरचे मला समजवत बसत नाहीत, नुसते सोबत जागतात, मला तेवढंच हवं असतं.

आता डोक्यात श्रावण आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसणार आणि या वर्षी रोट, म्हणजे तिचा गव्हाचा नैवेद्य, आमच्याकडे आहेत, सगळी भाऊबंदकी येणार. डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवलंय की गॅप त्या आठवड्यात आणता येईल का, ते म्हणाले त्या वेळची सीबीसी बघून ठरवू. नाही जमलं तर मास्क लावून ओसरीत बसेन पण रात्रीची गाणी सोडणार नाही, मला अख्खी पाठ आहेत आणि नव्या सुनांना शिकवायची राहिलीत. रोटांच्या गव्हाचं जाऊबाईंना सांगून झालंय, त्या म्हणाल्या निवडायला तुझ्याकडेच घेऊन येते.