चढाची पट्टी, महिना दुसरा: उडीचं कारण अखेर ऐकू आलं

चढावरच्या गवती धावपट्टीवर छोटं विमान उतरवायला शिकतेय, आणि चाकं आपटून ते पुन्हा हवेत उडतं हे माझं दुखणं. शनिवारी अकरा लँडिंग्ज झाली, त्यातली आठ बिनउडीची. आठ! टेलड्रॅगरचा, म्हणजे शेपटीला चाक असलेल्या विमानाचा, नाद सोडून पतंग उडवावेत असं मागच्या नोंदीत म्हणाले होते, ते तूर्त मागे घेते.

पट्टी तीच, ३४० मीटर गवत. पण एक दुरुस्ती आहे. चढ सगळीकडे सारखा १० टक्के असल्याचं मी लिहिलं होतं, ते फोनमधल्या लेव्हलच्या भरवशावर. आता पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन काठ्या घेऊन दोन संध्याकाळी पट्टीचं माप घेतलं. सरासरी १०च येते, पण खालचा तिसरा हिस्सा जेमतेम ७ आहे आणि तिथून वर १२च्या आसपास. म्हणजे मी नेमकी जिथे फ्लेअर करते, म्हणजे टेकण्याआधी नाक वर वळवते, तिथेच जमीन आणखी उभी होते. नळीवाल्या मापाला खर्च जवळजवळ नाही आणि ते खोटं बोलत नाही. फोनचं ॲप मी काढून टाकलंय.

टक्के आणि अंश यांत गल्लत नको. १० टक्के म्हणजे ५.७ अंश. ऐकायला किरकोळ वाटतं. नेपाळमधल्या लुक्लाची पट्टी ११.७ टक्के आहे आणि फ्रान्समधल्या कूर्शव्हेलची १८.५, तीही फक्त ५३७ मीटर लांब. त्यांच्यापुढे आमची पट्टी म्हणजे पोरखेळ. तरी या पोरखेळाने माझे सात आठवडे खाल्ले.

आता मुख्य रडगाणं. अप्रोच (पट्टीकडे उतरत येणं) ठीक, वेग ठीक, फ्लेअर सुरू केला की सगळं छान चाललंय असं वाटायचं, आणि थ्री-पॉइंट (तिन्ही चाकं एकदम टेकणं) व्हायच्या आतच मुख्य चाकं धप्पकन आदळायची. पुढचं तुम्हाला पाठ आहे. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे चाकं आपटली की शेपूट खाली जाते, पंखांचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत. फरक इतकाच की सपाट पट्टीवर ही उडी सावरायला वेळ असतो. इथे समोर डोंगर आहे. पांढऱ्या दगडाच्या पुढे गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) नाही, हा मला शिकवणाऱ्या सरांचा नियम, आणि तो बरोबरच आहे. त्यामुळे प्रत्येक उडी जिथल्या तिथे, थोडी पॉवर देऊन आणि स्टिक (नाक वर-खाली करणारी दांडी) स्थिर धरून मुकाट्याने निस्तरायची.

दोष कोणाला दिला नाही? आधी टायरना. हवा कमी केली, उडी थोडी मऊ झाली, पण होतीच. मग चाकांचे धक्के झेलणाऱ्या रबरी दोऱ्या, म्हणजे बंजी, म्हाताऱ्या झाल्या असतील म्हणून लँडिंग गिअर उघडून पाहिला, तर बंजी ठणठणीत. मग सीटखाली उशी घेतली. तिचा एकच फायदा, पाठ दुखायची थांबली. मग डोळे. चढाची पट्टी समोर असली की आपण उंच आहोत असा भास होतो आणि माणूस नकळत खालून येतो, हे प्रकरण मागच्या दोन नोंदींत झालंय. काचेवरच्या ठिपक्याने तो प्रश्न सुटला होता, तरी मी पुन्हा त्याच्याच मागे लागले. शेवटी वेग. फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) खाली असताना स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणं, ताशी ४३ मैलांवर, म्हणून १.३ पटीने ५६ धरते, तो वाढवून ६१ केला. पाच मैलांत काय होतंय असं वाटतं, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास १९ टक्के जास्त. उडी कमी झाली खरी, पण टेकायचे उभ्या भागात, पट्टीचा अर्धा भाग मागे टाकून. हे दुखणं बरं करणं नव्हे, झाकणं झालं.

उलगडा झाला तो रेकॉर्डिंगमधून. पंखाच्या स्ट्रटवर (आधाराच्या दांड्यावर) लावलेल्या कॅमेऱ्याची चित्रं मी इतक्या वेळा पाहिली होती की गवताची पाती ओळखीची झाली. गुरुवारी रात्री स्क्रीन बाजूला ठेवून कपडे घड्या घालत होते, व्हिडिओ मागे नुसता वाजत होता. आणि कानाला कळलं. आपटण्याच्या साधारण दोन सेकंद आधी इंजिनाचा आवाज पडतो. दर वेळी. सगळी जुनी फुटेज काढून ऐकली. उडीच्या लँडिंगमध्ये आवाज आधी पडतो आणि जी मोजकी चांगली झाली होती त्यांत चाकं टेकल्यानंतर.

म्हणजे मी थ्रॉटल, इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढत होते. मला कळतही नव्हतं. विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की नाही ओढला.

हिशेब मांडला तर सगळं जुळतं. सपाट पट्टीवर तीनेक अंशांनी उतरताना नाक तेवढंच वळवायचं असतं. इथे उतरण्याचे तीन आणि चढाचे ५.७, म्हणजे नऊच्या आसपास. शिवाय फ्लेअरनंतर विमान चढ चढत असतं, त्यामुळे १० टक्के चढावर गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला सव्वादोन मैल वेग जादा खातं. पॉवर बंद असताना हवेचा रोध जेवढा वेग खातो, माझ्या ढोबळ गणिताने जवळपास तेवढाच हा वरचा. दोन सेकंद आधी थ्रॉटल बंद म्हणजे चार-साडेचार मैल गेले, आणि नाक वर आणायला लागणारी लिफ्ट नेमकी त्याच क्षणी संपली. मग विमानाने बसायचं नाही तर काय करायचं?

हात का ओढत होता, हे सरांनी एका वाक्यात सांगितलं. "अगं, जमीन तुझ्या अंगावर येते ना, म्हणून तू मागे सरतेस, आणि उजव्या हाताबरोबर डावाही येतो." उजवा हात स्टिक मागे घेतोय ते बरोबरच आहे. डावा त्याच्यामागे फरफटत येतो, सोबतीला आल्यासारखा. त्यात सपाट पट्टीवरची सव्वाशेहून जास्त लँडिंग्ज, जिथे राउंडआउटला (फ्लेअर सुरू करताना) थ्रॉटल बंद करणं अंगवळणी पडलेलं. भीती आणि सवय दोघींनी मिळून एकच दांडा ओढला.

उपाय हास्यास्पद वाटेल. डावं कोपर बाजूला घट्ट टेकवायचं आणि करंगळी थ्रॉटलमागच्या नळीला अडकवायची. हात मागे जायला लागला की करंगळी दुखते आणि आठवण होते. फायनलवर, म्हणजे पट्टीच्या रेषेत उतरताना, साधारण १४०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), आणि चाकं खरोखर टेकेपर्यंत तेवढेच. टेकल्यावर बंद, स्टिक पोटात. चढ स्वतःच इतका ब्रेक लावतो की वर पोचायला पुन्हा पॉवर द्यावी लागते. ती वेळेवर द्या. अध्येमध्ये थांबलात तर विमान मागे घरंगळतं आणि शेपटीचं चाक गर्रकन फिरतं. एकदा अनुभव घेतलाय, दुसऱ्यांदा नको.

पहिलं बिनउडीचं लँडिंग झालं तेव्हा टेकलेलं कळलंच नाही. गवताची सळसळ ऐकू आली, एवढंच. सर मागच्या सीटवरून काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी.

बिघडलेल्या तीनपैकी एकात जुना हात परत आला. एकात पॉवर उशिरा काढली आणि तरंगत वर गेले. तिसरं नवीनच आहे. टेकल्यावर थ्रॉटल झटक्यात बंद केला, उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायातलं पेडल) मात्र तसाच दाबलेला, आणि नाक उजवीकडे पळालं. ग्राउंड लूप (जमिनीवरची बेकाबू गिरकी) झाला नाही, पण गवतावर कोयरी उमटली. म्हणजे आता दोन्ही पाय आणि डावा हात यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची.

यापुढे व्हील लँडिंग (आधी फक्त मुख्य चाकं टेकवणं) शिकायला घ्यायचं, आणि पंखांवर व्होर्टेक्स जनरेटर (हवा पंखाला चिकटून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्या) बसवून स्टॉलचा वेग खाली आणायचा असं मी ठरवलं होतं. जनरेटरचा बेत रद्द. दोन मैल कमी वेगात उतरणारी पण थ्रॉटल ओढणारी बाई दोन मैल कमी वेगात आपटेल.

आणि हे लिहिता लिहिता एक भलतंच सुचलं. जी गोष्ट स्ट्रटवरच्या स्वस्त माइकला ऐकू आली, ती मला सात आठवडे कॉकपिटमध्ये का ऐकू आली नाही? कारण माझा हेडसेट आवाज मारणारा आहे! त्याची मी इथे तोंडभर स्तुती केली होती. लांबच्या प्रवासाला अजूनही करेन. पण इंजिनाची घरघर मारणं हेच त्याचं काम, आणि मला हवी होती ती तीच घरघर. येत्या शनिवारी फायनलवर वळले की त्याचं बटण बंद. करंगळीही राहील, पण अर्धी लँडिंग्ज करंगळीशिवाय, नुसत्या कानावर करून बघायची आहेत. व्हील लँडिंग त्यानंतर.

हे सगळं शेपटीचं चाक परवानगी देईल तर. वर टॅक्सी करताना ते पुन्हा थरथरायला लागलंय. पानांची स्प्रिंग दबली आणि पिव्हटचा कोन बिघडला, दुसरं काही नाही. नवीन स्प्रिंग मागवली तर विक्रेत्याने सव्वा इंचाऐवजी दीड इंच रुंदीची पाठवली. फोनवर वर मलाच विचारतो, "मॅडम, थोडी घासून बसणार नाही का?" परत पाठवलीय. शुक्रवारपर्यंत योग्य मापाची आली तर बसवते, नाहीतर शनिवार स्पॅनर हातात घेऊन.